शिवसागराच्या काठावर धुक्याचे फोटो: साताऱ्याहून दोन सकाळींची सहल

धुक्यातल्या किनाऱ्याचे फोटो काढायचे म्हटलं की सातारा-सांगलीकडची मंडळी गाडी घाटाखाली घालतात आणि कोकण गाठतात. समुद्र बघायला कोकणच, त्यात वाद नाही. पण धुक्यासाठी तो उलटा रस्ता आहे. हिवाळ्यातल्या पहाटे समुद्रकाठी जमिनीकडून पाण्याकडे मतलई वारा सुटलेला असतो, आणि हलत्या हवेत धुकं टिकत नाही. त्यापेक्षा साताऱ्याजवळचं कास पठार ओलांडून पलीकडे उतरा. कोयनेच्या धरणाने सह्याद्रीच्या दोन रांगांमधली दरी सुमारे ५० किलोमीटर लांब पाण्याने भरून टाकली आहे. हा शिवसागर जलाशय. काठावरच्या बामणोली-तापोळा गावांकडे सगळे त्याला नुसतं बॅकवॉटर म्हणतात. १०५ टीएमसी पाणी, दोन्ही बाजूंना डोंगर, शेकडो ओहोळांची आत घुसलेली बोटं आणि रात्रभर पडून राहिलेली गार हवा. धुक्याला लागतं ते सगळं इथे एका जागी आहे.

हा बेत शुक्रवारी दुपारी साताऱ्यातून निघून रविवारी जेवायला घरी येणाऱ्यांसाठी आहे. दोन मुक्काम आणि दोन सकाळी. पहिली सकाळ धुक्याच्या आत, बामणोलीत पाण्याच्या कडेला. दुसरी धुक्याच्या वर, कासच्या बाजूच्या डोंगरकडेवर. यात तिसरं ठिकाण घुसवू नका. ठोसेघर, सज्जनगड, महाबळेश्वरचे पॉइंट सगळं जवळच आहे, आणि तिथेच घात होतो. चांगलं धुकं असतं जेमतेम दीड-दोन तास, आणि नेमका तेवढा वेळ माणूस गाडीत बसून एका ठिकाणाहून दुसरीकडे चाललेला असतो.

आधी दिवस ठरवा

साताऱ्यात धुकं दोन जातींचं. पावसाळ्यात कास, ठोसेघर, चाळकेवाडीवर जे दिसतं तो खरं तर ढग असतो. समुद्रावरून आलेली ओली हवा सह्याद्रीला थडकून वर चढते, गार होते आणि सड्यावरच टेकते. तो दिवस दिवस हटत नाही, वाऱ्याबरोबर पळत राहतो आणि लेन्स पुसून पुसून हात दुखतात. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांसाठी तो झकास. पाण्याकाठच्या फोटोंना मात्र त्याचा उपयोग नाही. त्या दिवसांत बोटीही बंद असतात आणि उजेडाला दिशाच नसते.

आपल्याला हवं ते हिवाळ्यातलं धुकं. निरभ्र रात्री जमिनीची ऊब वर निघून जाते, जमिनीला टेकलेली हवा गार आणि जड होते, आणि ती जड हवा उतारावरून ओघळत दरीच्या तळाशी साठते. तळाशी पाणी मात्र दिवसभराच्या उन्हाने अजून कोमट असतं. त्याच्यावरून उठणारी वाफ या गार हवेत शिरली की तिचे बारीक थेंब होतात. म्हणून सुरुवातीला धुकं गुडघाभर, पाण्यावर रांगणारं दिसतं, आणि उजाडताना दाट होऊन वर चढतं. अनेकांना वाटतं की सूर्य उगवला की धुकं गेलं. उलट, उगवल्यानंतरचा पहिला अर्धा तास ते बहुधा वाढतं, कारण हवा थोडी ढवळली जाते आणि वाफ वरपर्यंत पोचते. काही दिसत नाही म्हणून सात-साडेसातला चहाला गेलेला माणूस परत येतो तेव्हा सगळं उरकलेलं असतं.

नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते जानेवारीअखेर हा खरा मोसम. नोव्हेंबरात जलाशय जवळजवळ भरलेला असतो, झाडी थेट पाण्याला भिडलेली, काठ हिरवा. जानेवारीपासून पाणी उतरायला लागतं आणि काठाला तांबड्या मातीचे पट्टे उघडे पडतात, जुनी वठलेली खोडं डोकं वर काढतात. उन्हाळ्यात तर पाण्याखाली गेलेल्या जुन्या वस्त्यांच्या खुणाही दिसू लागतात, पण तेव्हा धुकं नसतं. असतो तो धुरळा आणि वणव्यांचा धूर. मला विचाराल तर नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. पाणीही आहे, गारठाही आहे, आणि नाताळची गर्दी अजून यायची आहे.

आठवडा ठरला, आता दिवस. निघण्याच्या आदल्या दिवशी हवामानाच्या ॲपमध्ये तीन गोष्टी बघा. रात्रीचं आकाश निरभ्र हवं. ढगाळ रात्र ही गोधडीसारखी, ती जमिनीची ऊब बाहेर जाऊ देत नाही आणि सकाळ कोरडी ठणठणीत उजाडते. वारा ताशी सात-आठ किलोमीटरच्या आत हवा. आणि पहाटेचं तापमान व दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे थेंब होऊ लागतात) यांतलं अंतर दोन-तीन अंशांपेक्षा कमी हवं. दोन दिवसांपूर्वी अवकाळी सर येऊन गेली असेल आणि आता आकाश मोकळं असेल, तर रजा टाकून निघा.

आणखी एक, जे फार कमी लोक बघतात: पंचांग. बामणोलीच्या काठावर तुमचं तोंड पश्चिमेकडे असतं. पौर्णिमेच्या किंवा तिच्या दुसऱ्या दिवशीच्या पहाटे मावळता चंद्र समोरच्या डोंगरावर, थोडा वायव्येकडे कललेला सापडतो. खाली धुकं, वर चंद्र, मधे जंगलाची काळी रांग. शनिवार-रविवारी पौर्णिमा आली तर बाकी काही बघू नका.

जाण्याची वाट आणि मुक्काम

साताऱ्यात राजवाड्यावरून समर्थ मंदिर, मग यवतेश्वरचा घाट, कास पठार, आणि पलीकडे उतरून बामणोली. सगळं मिळून ३५ ते ४० किलोमीटर. एसटी जाते, पण पहाटेच्या हालचालींसाठी स्वतःची गाडी बरी. पेट्रोल साताऱ्यातच भरा आणि रोकड बरोबर ठेवा. पलीकडच्या उतारावर मोबाइलची रेंज येते-जाते, आणि रेंज नसेल तिथे स्कॅन करून पैसे देणं चालत नाही.

दुपारी दोनच्या आत निघा. याचं कारण परत उजेडच. डिसेंबरात सहा-सव्वासहाला सूर्य मावळतो आणि अंधारात पोचलात तर पहिल्या सकाळची तयारीच होत नाही.

मुक्काम काठावरच करायचा, साताऱ्यात नव्हे. पहाटे चारला उठून साताऱ्याहून यायचं म्हणजे धुक्यातून अंधारात घाट चढायचा आणि पुन्हा उतरायचा, वर वाटेत गवे. कास परिसरात गवा रस्त्यावर उभा असणं ही नवलाई नाही, आणि काळा गवा धुक्यात दिवे अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. बामणोलीत आणि आसपासच्या वाड्यांमध्ये घरगुती राहण्याची सोय, तंबू, छोटी रिसॉर्ट आहेत. ठरवताना स्विमिंग पूल आहे का ते विचारू नका. पाणी खोलीपासून किती पावलांवर आहे आणि पहाटे पाचला फाटक उघडं मिळेल का, ते विचारा. जेवायला तांदळाची भाकरी, पिठलं, खर्डा, हवे असतील तर जलाशयातले मासे. पहाटेच्या चहाचं मात्र रात्रीच सांगून ठेवा किंवा थर्मास न्या.

शुक्रवारची संध्याकाळ: काळं काय आहे ते शोधा

धुक्याचे फोटो फसतात ते धुकं कमी पडलं म्हणून नव्हे, तर फोटोत धुक्याशिवाय दुसरं काहीच नसतं म्हणून. पांढऱ्यावर पांढरं. धुक्यात उभी असलेली एक ठाम, गडद, ओळखू येणारी वस्तू सापडली की अर्धं काम झालं. ती संध्याकाळी, उजेड असताना शोधायची. पहाटे चाचपडत फिरून ती मिळत नाही.

बामणोलीच्या धक्क्यावर बांधलेल्या बोटी पहिल्यांदा डोळ्यांत भरतात. पण दहा बोटी एकमेकींना चिकटून असल्या की आकार हरवतो. बाजूला एकटी बांधलेली होडी, पाण्यात उभा वठलेला बुंधा, मासे धरण्यासाठी रोवलेले बांबू, काठावरचं एकच झाड ज्याच्या फांद्या पाण्यावर झुकल्यात, असं काहीतरी हेरा. मग त्याच्या मागे किती अंतरावर काय आहे ते बघा. धुक्यात अंतर म्हणजे रंग: जवळचं काळं, मधलं करडं, लांबचं जवळजवळ पुसलेलं. एक वस्तू पाच मीटरवर, दुसरी पन्नास मीटरवर आणि तिसरी पलीकडच्या काठावर असेल, तर पातळ धुक्यातही फोटोला खोली मिळते. फार दाट असेल तर फक्त पहिली उरेल, आणि तेही चालेल.

अशा तीन जागा पक्क्या करा, एकमेकींपासून चालत पाच-दहा मिनिटांत. प्रत्येक जागी मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा आणि ट्रायपॉड कुठे रोवायचा तिथे दगडांची लहान उतरंड रचा. पहाटे विजेरीच्या उजेडात ती सापडते.

काठाबद्दल एक सक्त सूचना. हा नदीचा घाट नाही, बुडालेल्या डोंगराचा उतार आहे. दोन पावलांत गुडघ्यावरून डोक्यावर पाणी जाऊ शकतं. आणि पाणी नुकतंच मागे सरलेलं असेल तिथला गाळ वरून वाळलेला दिसला तरी आत पाय रुततो. काठीने चाचपल्याशिवाय पुढे जाऊ नका, आणि बरं प्रतिबिंब मिळावं म्हणून पाण्यात तर अजिबात उतरू नका.

आता दिशेचा हिशेब, कारण तो चुकला तर बाकी सगळं फुकट. कोयना महाबळेश्वरातून निघून दक्षिणेला वाहते, म्हणून जलाशय उत्तर-दक्षिण लांब आहे आणि बामणोली त्याच्या पूर्वेकडच्या काठावर. सकाळी सूर्य तुमच्या पाठीमागून, कासच्या डोंगराआडून येतो. याचे दोन परिणाम. एक, थेट ऊन पाण्यावर पोचायला सूर्योदयानंतर अर्धा-पाऊण तास जास्त लागतो, म्हणजे डिसेंबरअखेर सूर्योदय सातच्या सुमारास असला तरी पाण्यावर ऊन पावणेआठनंतर. तेवढा वेळ निळसर, सावलीतलं धुकं तुमच्या हाताशी राहतं. दोन, समोरच्या काठाकडे बघून सूर्याविरुद्धचा, पेटलेल्या धुक्याचा फोटो मिळत नाही. तो हवा असेल तर आत घुसलेल्या एखाद्या खाडीच्या पश्चिम बाजूला उभं राहून आग्नेयेकडे बघावं लागेल, कारण हिवाळ्यात सूर्य तिकडे सरकून उगवतो. संध्याकाळी होकायंत्राचं ॲप लावून अशी एक जागा नक्की करा.

शनिवारची सकाळ: काठावर

साडेपाचला बाहेर. पहिली गोष्ट, वर बघा: चांदण्या दिसतायत का? दिसत असतील आणि गवत ओलं असेल, तर धुकं येणार. काठ पूर्ण गुडूप असेल तरी घाबरू नका. ते वर चढतं, फाटतं, पुन्हा मिटतं. धुकं अजिबातच नसेल तर ते शोधायला गाडी काढू नका. वारा नसलेल्या पहाटे आरशासारखं पाणी आणि निळा उजेड हे धुक्याइतकंच दुर्मीळ आहे. ते काढा आणि दुसऱ्या सकाळची वाट बघा.

पहिल्या जागी ट्रायपॉड लावा आणि तिथेच थांबा. निदान अर्धा तास. नवखा फोटोग्राफर धुक्यात पळत सुटतो. पुढच्या वळणावर जास्त छान असेल असं वाटत राहतं. पण धुकं स्वतःच हलत असतं. तुमच्या चौकटीत होडी आहे, मागे झाड आहे, तर दर पाच मिनिटांनी ते झाड येईल आणि जाईल. जिथे होडी काळी, झाड करडं आणि डोंगराची कड जेमतेम रेषेसारखी उमटलेली, तो क्षण वीस सेकंद टिकतो. तेव्हा बटणावर बोट असलेला माणूसच तो घेतो.

आता कॅमेरा. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर धुक्याला फसतो: समोरचं सगळं उजळ असलं तरी त्याला ते मध्यम करडं करून टाकायचं असतं, म्हणून फोटो मळकट येतात. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन अधिक २/३ ते अधिक १ १/३ स्टॉपपर्यंत न्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). हिस्टोग्रामचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाचा, डोंगर उजवीकडे सरकला पाहिजे, पण उजव्या भिंतीला चिकटता कामा नये. फोटो रॉ मध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्येच घ्या. आयएसओ १०० किंवा २००, छिद्र (ॲपर्चर) एफ/८ च्या आसपास, आणि शटर जे येईल ते. ट्रायपॉडवर एक-दोन सेकंद आले तरी होडी बांधलेली आणि पाणी शांत असेल तर काही बिघडत नाही. होडी चालती असेल तर मात्र १/१२५ च्या खाली जाऊ नका, त्यासाठी आयएसओ ८०० पर्यंत खुशाल वाढवा. धुक्यात थोडी रवाळी (नॉइज) दिसत नाही.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांची निळी-पिवळी छटा ठरवणारी सेटिंग, ऑटोवर ठेवू नका. ऑटो त्या पहाटेचा निळेपणा काढून टाकतो आणि पुढे कोवळ्या उन्हाचा सोनेरी रंगही धुऊन काढतो. डेलाइटवर, म्हणजे ५२०० केल्विनच्या आसपास, पक्का करा. मग साडेसहाचे फोटो निळे आणि आठचे पिवळे येतील, जसे ते होते तसे.

ऑटोफोकस धुक्यात पुढेमागे भिरभिरतो, कारण त्याला धरायला कड सापडत नाही. होडीचा काठ, बांबू, खोड असल्या गडद कडेवर एकच फोकस पॉइंट ठेवा, फोकस झाला की मॅन्युअलवर टाका आणि पुन्हा हात लावू नका. फ्लॅश कटाक्षाने बंद. समोरच्या थेंबांवरून उजेड परत येतो आणि फोटोत पांढरे ठिपके भरतात.

लेन्स कोणती न्यावी यावर लोक तासन् तास बोलतात. इथे उत्तर सरळ आहे. ७०-२०० मिमीसारखी लांब लेन्स सगळ्यात जास्त लागते, कारण ती मागचे थर जवळ ओढते आणि नको ते बाहेर ठेवते. एक २४-७० किंवा किटमधली १८-५५ जवळ असली की झालं. अतिरुंद लेन्समध्ये धुकं पातळ आणि रिकामं दिसतं. ती घरी ठेवा. पोलरायझर फिल्टर काढून ठेवा, तो पाण्यातलं प्रतिबिंबच कमी करतो.

मोबाइलवाल्यांनी हिरमुसायचं कारण नाही. मोबाइल रडका दिसतो तो वाइड कॅमेऱ्यामुळे. टेलिफोटो असेल तर दोन-तीन पट झूमवर जा, पण बोटांनी त्यापुढे ताणू नका. होडीवर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड लॉक करा, मग बाजूची उजेडाची पट्टी किंचित वर सरकवा. पोर्ट्रेट मोड धुक्यात होडीच्या कडा कुरतडतो, तो नको. लहान ट्रायपॉड आणि दोन सेकंदांचा टायमर, एवढ्यावर मोठ्या कॅमेऱ्याच्या जवळपास जाता येतं.

ऊन पाण्यावर आलं की पुढची पंधरा मिनिटं सगळं पटापट घडतं. धुकं सुटं होऊन पाण्यावरून वर ओढल्यासारखं उठतं. याच वेळी आग्नेयेकडे बघणाऱ्या त्या ठरवलेल्या जागी असा. आता अधिक एक स्टॉपचा हिशेब सोडा. सूर्य चौकटीत आला की मीटर पुन्हा वेगळाच फसतो, म्हणून एक-एक स्टॉपच्या फरकाने तीन तीन फोटो घ्या.

याच सुमाराला गाव जागं होतं. जाळी काढायला निघालेले मासेमार, पाणी भरणाऱ्या बाया, शाळेची मुलं लाँचवर चढताना. इथल्या कित्येक वाड्यांना लाँच हीच एसटी. माणूस चौकटीत आला की धुक्याच्या फोटोला मोजमाप मिळतं, पण आधी बोलून घ्या. "दादा, फोटो काढू का?" एवढं पुरतं. धुणं धुणाऱ्या बायकांवर लांबून लेन्स रोखू नका.

ओल आणि गारठा

ट्रायपॉडवर उभ्या कॅमेऱ्यावर दव पडतं, विशेषतः वर तोंड केलेल्या लेन्सवर. लेन्सहूड लावा, दर दहा मिनिटांनी काच बघा, दोन-तीन मायक्रोफायबर कपडे वेगवेगळ्या खिशांत ठेवा, कारण एक ओला झाला की तो फक्त ओल पसरवतो. गारठ्यात बॅटरी लवकर उतरते. जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. बाहेरून परत उबदार खोलीत शिरताना गार कॅमेऱ्यावर आतबाहेर वाफ धरते, आणि लेन्सच्या आत गेलेली वाफ हीच पुढे बुरशी होते. म्हणून आत शिरण्यापूर्वी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा आणि तासभर तसाच राहू द्या. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाका. मेमरी कार्ड आधीच काढून घेतलंत तर पिशवी उघडण्याचा मोह होणार नाही.

स्वतःसाठी कानटोपी, बोटं उघडी राहणारे हातमोजे, आणि गमबूट किंवा निदान ओले झालेले चालतील असे बूट.

शनिवारची दुपार: बोट, हवी असेल तर

बोट क्लबच्या खिडकीवर दरफलक असतो. बोटीचे पैसे अख्ख्या बोटीचे असतात, म्हणून चार-पाच जण असतील तर स्वस्त. दुपारचा उजेड फोटोला फारसा कामाचा नाही, पण उद्यासाठी काठ पाण्यातून बघून घेता येतो. पहाटेच्या दाट धुक्यात बोट काढायचा आग्रह धरू नका. चालवणाऱ्याला कुठला खडक कुठे आहे ते पाठ असतं, समोरून येणारी दुसरी बोट मात्र पाठ नसते. लाइफ जॅकेट घाला, आणि बोटीवर ट्रायपॉड उघडू नका. इंजिनाची थरथर त्याच्या पायांतून सरळ कॅमेऱ्यात येते.

पलीकडचा पश्चिम काठ कोयना अभयारण्यात येतो, आणि २०१० पासून तो सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. वासोटा किल्ल्याकडे किंवा तिकडच्या काठावर उतरायचं तर बामणोलीत वनखात्याची परवानगी घ्यावी लागते, आणि संध्याकाळच्या आत परतावं लागतं. जंगलात मुक्कामाला मनाई आहे. वासोटा हा अख्ख्या दिवसाचा ट्रेक आहे, या सहलीत तो बसत नाही. ड्रोन परवानगीशिवाय उडवू नका. आणि कधी दक्षिणेला कोयनानगरपर्यंत गेलात तर धरणाच्या भिंतीकडे कॅमेरा वळवायचा नाही.

संध्याकाळी मात्र कुठेही जाऊ नका. सूर्य समोर, पलीकडच्या रांगेआड मावळतो आणि डोंगरांच्या काळ्या कडा एकामागे एक उभ्या राहतात. सकाळी या काठाला जो उजेड मिळत नाही तो आत्ता मिळतो.

रविवारची सकाळ: धुक्याच्या वर

भरलेल्या जलाशयाची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ६५९ मीटर, आणि कासचं पठार सुमारे १२०० मीटर. मधल्या साडेपाचशे मीटरमध्ये कुठेतरी धुक्याची वरची साय असते. काल सकाळी तुम्ही तिच्या खाली होतात, आज वर जायचं.

सामान आदल्या रात्रीच गाडीत. पाच-सव्वापाचला निघा आणि हळू चढा. दिवे लो बीमवर ठेवा. हाय बीम लावलात की समोर पांढरी भिंत उभी राहते. फॉग लॅम्प असतील तर लावा. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर चालू ठेवायची आपल्याकडे पद्धत पडली आहे, ती धोक्याची. मागच्याला तुम्ही उभे आहात की वळताय ते कळत नाही. काच दोन बोटं खाली करा, समोरून येणारी गाडी आधी ऐकू येते. वळणावर फोटोसाठी थांबू नका. गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर जाईल अशीच जागा निवडा, आणि ती शुक्रवारी उतरताना बघून ठेवलेली असेल तर उत्तम.

एका वळणानंतर धुकं संपतं आणि तुम्ही बाहेर येता. ती उंची रोज वेगळी असते. धुक्यातून बाहेर पडल्यावर आणखी थोडं वर जा, मग पश्चिमेकडे तोंड करून उभे राहा. खाली दरी पांढऱ्याने भरलेली, त्यातून टेकड्यांचे माथे बेटांसारखे वर. इथे लांब लेन्सच. अख्खी दरी एका चौकटीत घेण्यापेक्षा धुकं जिथे एखाद्या खिंडीतून सांडतंय, जिथे एकच सोंड बाहेर आलीय, तेवढा तुकडा घ्या. सूर्य पाठीमागून वर आला की तुमच्या डोंगराची सावली त्या पांढऱ्यावर पडते आणि हळूहळू आखूड होते. सावलीची कड आणि ऊन यांची सीमा हा इथला सगळ्यात चांगला फोटो.

कडेजवळ धुकं असेल आणि सूर्य बरोबर पाठीशी असेल तर खालच्या धुक्यावर स्वतःच्या सावलीभोवती रंगीत कडं दिसू शकतं. हेच इंद्रवज्र. पावसाळ्यात हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर लोक त्यासाठी जातात. इथे ते दिसेलच असं नाही, पण नजर खाली ठेवा. त्याचा फोटो घेताना फोकस धुक्यावर, एक्स्पोजर नेहमीच्या अधिक एक ऐवजी शून्यावर, नाहीतर रंग उडतात.

पठारावर उतरून चालायचं असेल तर पायवाटेवरूनच. कास २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत आहे. फुलं सप्टेंबर-ऑक्टोबरातली असली तरी त्यांचे कंद आणि बिया हिवाळ्यातही त्याच वीतभर मातीत असतात. नऊपर्यंत सगळं आटोपतं. कास तलावावर थोडं थांबून साताऱ्याकडे निघा. वाटेत कंदी पेढे घ्यायला विसरलात तर घरी काही खरं नाही.

जमणार नसेल त्यांच्यासाठी, आणि सरावासाठी

हे सगळं पहिल्यांदाच बामणोलीत करण्यापेक्षा एखाद्या रविवारी साताऱ्याजवळच्या माहुलीला जा. कृष्णा-वेण्णेचा संगम, दगडी घाट, जुनी देवळं. हिवाळ्यात तिथेही नदीवर पातळ धुकं धरतं आणि काळ्या दगडाचे आकार तयारच मिळतात. सांगलीकरांना भिलवडीचा कृष्णेवरचा प्रशस्त घाट आहे. अंधारात ट्रायपॉड उघडणं, मॅन्युअल फोकस, अधिक एक स्टॉप, हे तिथे हाताखालून गेलं की बामणोलीत डोकं फक्त चौकटीत राहतं.

घरी आल्यावर

फोटो त्याच रात्री उघडू नका, झोप काढा. मग निवडताना आधी लहान आकारात बघा. अंगठ्याएवढ्या चित्रात होडीचा आकार वाचता येत नसेल तर मोठ्या पडद्यावरही तो लंगडाच. एडिटिंगमध्ये डीहेझ नावाची पट्टी असते, तिला हात लावू नका. ती धुकं काढायला केलेली आहे आणि तुम्ही दोन दिवस ते मिळवायला घालवलेत. पांढऱ्याची पातळी अशी ठेवा की सगळ्यात उजळ धुकंही पूर्ण पांढऱ्याच्या जरा अलीकडे राहील. काळं फक्त होडीत किंवा खोडात उतरवा, ब्रशने, अख्ख्या चित्रात नाही. निळा-पिवळा रंग नकोसा वाटला तर कृष्णधवल करून बघा. थर चांगले असतील तर ते तिथे जास्त उठतात. छापून घ्यायचं तर मॅट कागद मागा, कारण चकचकीत कागदावर खोलीतल्या दिव्यांचं प्रतिबिंब नेमकं फिकट करड्या छटांवरच येतं. आणि लॅबवाल्याला आधीच सांगा की ऑटो करेक्शन लावू नकोस, नाहीतर तो मशीनवर सगळं धुकं साफ करून देईल.